माद्रिदच्या चौकात दोन सिगार

माद्रिदला जायचं ठरलं ते आमच्या गॅरेजमध्ये. फेब्रुवारीतली शनिवारची दुपार होती, इथे अमेरिकेत, मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीत, थंडीमुळे बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. हीटर घरघरत होता आणि मी आणि माझा नवरा मिलिंद, दोघं जाडजूड जॅकेटं चढवून घडीच्या खुर्च्यांवर सिगार ओढत बसलो होतो. बोटं गारठून गेलेली. मिलिंद म्हणाला, "यार, एकदा तरी उन्हात, मोकळ्या हवेत बसून ओढला पाहिजे." मी म्हटलं, "मग जाऊ या की." आणि सप्टेंबरअखेरची तिकिटं काढून टाकली.

ओळखीची मंडळी इथेच अडखळली असतील. मंजिरी सिगार ओढते? हो, ओढते. आठवड्याला एक, कित्येक वर्षांपासून. इथल्या मराठी मंडळात हा शौक मिलिंदच्या नावावर आहे, आणि या ब्लॉगवरही आजवर जो धूर निघाला तो त्याच्याच तोंडून. कारण साधं आहे. प्रत्येक पोस्ट टाकायच्या आधी मी ती कराडला सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवते. त्यांच्या डोळ्यांना वाचायचा त्रास होतो आणि माझं लिहिलेलं त्यांना मनापासून आवडतं. त्यामुळे या खेपेला माझी पंचाईत झाली होती. खरं माद्रिद सांगायचं तर आईंना दुखवायचं, आणि आईंना जपायचं तर माद्रिद अर्धंच सांगायचं. जायच्या आधीपासून हा खडा माझ्या चपलेत होता.

मिनियापोलिसहून अॅमस्टरडॅममार्गे गेलो. विमानतळावरून मेट्रो सरळ शहरात नेते, टॅक्सीच्या नादाला लागू नका. हॉटेलची खोली तयार नव्हती म्हणून बॅगा ठेवून बाहेर पडलो, तर कोपऱ्यावरच तंबाखूचं सरकारमान्य दुकान. लालभडक पाटीवर पिवळी अक्षरं असतात, लांबून दिसतं. किंमत देशभर सगळीकडे सारखीच, त्यामुळे दहा दुकानं फिरायची गरज नाही. क्यूबन सिगार मिळतात, पण ते अमेरिकेत परत आणता येत नाहीत, म्हणून जेवढे तिथे ओढाल तेवढेच घ्या. काउंटरवरच्या बाईंनी आधी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला हलका आवडतो की कडक?" मिलिंद शेजारीच उभा होता. अमेरिकेतल्या कुठल्याही दुकानात हा प्रश्न मला आधी कुणी विचारलेला नाही. मी म्हटलं, मध्यम.

त्या संध्याकाळी आम्ही ओलाविदे नावाच्या गोल चौकात जाऊन बसलो. बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट मागवलं, आपल्या ऑम्लेटपेक्षा केकच्या जवळचं, सोबत पाव आणि थंडगार बिअर. उपाहारगृहात आत धूम्रपानाला बंदी आहे, बाहेरच्या टेबलांवर अजून चालतं. तिथेही बंद होणार असं ऐकलं, तेव्हा जायच्या आधी चौकशी करा. ऊन उतरत होतं, पण संपत नव्हतं. समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्या आधी पिवळ्या, मग जर्दाळूच्या रंगाच्या झाल्या आणि तशाच कितीतरी वेळ राहिल्या. मुलं फुटबॉल खेळत होती, म्हाताऱ्या बायका पंखे हलवत गप्पा मारत होत्या. मी सिगार पेटवला. धूर हळूच वर गेला, झाडात शिरला आणि दिसेनासा झाला. आपण इथे जागे आहोत की विमानातल्या झोपेतच अजून, हे मला नीट सांगता आलं नसतं.

शेजारच्या टेबलावरच्या मोत्यांची माळ घातलेल्या आजींनी खुणेने काडेपेटी मागितली, सिगारेट पेटवली, मान हलवून परत केली आणि पुन्हा मैत्रिणीशी बोलायला लागल्या. एवढंच झालं. माझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

मिलिंदला मात्र माद्रिद काही मानवेना. "काय वारा आहे! एका बाजूनेच जळतोय," तो म्हणायचा. राख बिअरमध्ये पडायची. वेटर एकदा गेला की गेला. शेजारी बाबागाडी आली की हा बिचारा अपराधी चेहरा करून खुर्ची उचलायचा आणि लांब जाऊन बसायचा. त्याच्या डोक्यात ईडन प्रेरीजवळचा सिगार लाउंज. लेदरच्या खुर्च्या, धूर ओढून घेणारे पंखे, भिंतीवरच्या टीव्हीत मॅच. "इथे क्लब आहेत म्हणे, पण मेंबरांना. आपण आपले अॅल्युमिनियमच्या खुर्चीवर." रेतिरो बागेतल्या तळ्याकाठीही तेच. मी पाण्यावर हलणाऱ्या होड्या बघत तंद्रीत, आणि हा वाऱ्याकडे पाठ करून बाक बदलतोय. एकच शहर, एकच बाक, आणि दोघांची सहल वेगळी.

मग सांता आना चौकातली संध्याकाळ आली. चॉकलेटमध्ये बुडवून चुरोज नावाचे तळलेले लांबट तुकडे खाऊन झाले होते, दोघांनी सिगार पेटवले होते. मागून आवाज आला, "अगं, त्या पुतळ्यासमोर उभ्या राहा सगळ्या!" अस्सल पुणेरी मराठी. सहलीला आलेल्या चार-पाच काकू, सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. काय होतंय हे कळायच्या आत माझा सिगार मिलिंदच्या दुसऱ्या हातात गेला होता. खरं सांगते, मी दिला असं मला आठवतही नाही. हात आपोआप गेला.

"अगंबाई, मराठी का तुम्ही? आमचा एक फोटो काढता का?" असं म्हणत एक काकू जवळ आल्या आणि मिलिंदकडे बघून थबकल्या. "अहो, हे काय, दोन-दोन? बायकोचा तरी विचार करा जरा!" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "कसं गं सहन करतेस?"

"सवय झालीय काकू," मी म्हटलं आणि त्यांचा फोटो काढून दिला.

मिलिंद दोन्ही हातांत धूर सोडणारे सिगार धरून कान लाल करून बसला होता. काकू गेल्यावर त्याने माझा मला परत दिला. मग म्हणाला, "आणि मी चार दिवस वाऱ्याबद्दल बोलतोय." माझा सिगार विझला होता. पुन्हा पेटवला, पण विझलेला पेटवला की कडू लागतो. तसाच ओढला.

घरी आलो. इथे मंडळाच्या पॉटलकच्या जेवणाला मिलिंद अजूनही "वारा फार यार, स्किप करा" असंच सांगतो. मी म्हणते, जाच. पण पोस्ट काही पुढे सरकत नव्हती. शेवटी होतं तसं सगळं लिहिलं आणि शनिवारी सकाळी कराडला कॉल लावला. मिलिंद ओट्यापाशी चहा घेऊन उभा. मी सगळं वाचलं. चौकातल्या प्रसंगापाशी आवाज खाली गेला, पण वाचलं.

आईंनी चेहरा फोनच्या जवळ आणला. मग म्हणाल्या, "धूर गिळतीस व्हय?"

"नाही आई. तोंडात धरायचा, सोडायचा."

"म्हंजे मिसरीगत." त्यांनी आवाज बारीक केला. "म्या बी लावती. लगीन झाल्यापास्नं. मामंजींना कळू नये म्हनून मोरीत, दार लावून. अजून मोरीतच लावती, आता घरात कोन न्हाई तरी."

मिलिंदचा कप तसाच हातात राहिला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"चौकात मानसं व्हती?" आईंनी विचारलं.

"खूप होती."

"कुनी बघितलं न्हाई?"

"कुणी नाही."

"भर चौकात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "फोटू दाव की."

मी फोन चाळला. ओलाविदे, रेतिरो, सांता आना. सिगार दिसत होता तो फक्त मिलिंदच्या फोटोंत. माझ्या फोटोंत माझे हात मांडीवर, नाहीतर टेबलाखाली. मिलिंदने फोन वर केला की मी दरवेळी सिगार लपवला होता, कुणी न सांगता, जिथे कुणी बघत नव्हतं तिथेसुद्धा. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "नाही आई, एकही नाही."

"मग आता काड. मला बघायचाय."

म्हणून या पोस्टखालचा एकमेव फोटो माद्रिदचा नाही. आमच्या घरामागच्या लाकडी डेकवरचा आहे, ओकची पानं पडलेली, माझे केस विस्कटलेले, शेजारच्या घरात माणसं जागी झालेली. फोटो मिलिंदने काढला. त्याच्या दुसऱ्या हातातल्या फोनवर आई होत्या, आणि त्या सांगत होत्या, "अगं, हात जरा वर धर. दिसंना झालाय."