साडूला दाखवायला आणलेली होडी

आमच्याकडे शिडाची होडी आहे. आम्ही कळंबला राहतो.

(ज्यांनी कळंब पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: समुद्र इथून एसटीनं अख्ख्या रात्रीच्या अंतरावर आहे आणि नळाला पाणी आलं की शेजारी एकमेकांना हाका मारून उठवतात.)

होडी मी घेतली ती हौसेनं नाही. मी शाळेत भूगोल शिकवतो, मला पोहता येत नाही आणि वाऱ्यावर डोलणारी कुठलीही वस्तू पाहिली की मळमळतं. होडी घेतली ती धनाजीरावांमुळे. धनाजीराव म्हणजे माझे थोरले साडू, बायकोच्या आक्काचे मालक, राहणार भूम. कोरडवाहू मुलखात त्यांनी शेततळं खोदलं तर ते भरलं. म्हशी घेतल्या तर सगळ्या दुभत्या निघाल्या. गाडी घेतली ती जीपएवढी उंच, चढायला पायरी असलेली! माणूस वाईट असता तर मला बरं वाटलं असतं, पण स्वभावानंही तो सोन्यासारखा. त्यामुळे माझा जळफळाट उघडपणे करायचीसुद्धा सोय नव्हती.

खरं दुखणं होतं येरमाळ्याला, सासुरवाडीच्या ओसरीवर. तिथं सासऱ्यांची एक आरामखुर्ची आहे. धनाजीराव अंगणात आले की सासरे स्वतः उठून उभे राहतात. "या, या, थोरलं पावणं! बसा!" मी गेलो की मात्र खुर्चीतूनच हात हलवतात. "आलाव का सर? बसा की तिथं पोत्यावर." ओसरीच्या कडेला सोयाबीनचं पोतं असतं. लग्नाला बारा वर्षं झाली, सोयाबीन दरवर्षी नवं आलं, माझी जागा तीच राहिली. मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) एकदा, फक्त एकदा माझ्यासाठी उठावं, एवढीच माझी या जन्मातली इच्छा होती.

त्या साली चैत्रात शाळेची सहल अलिबागकडं गेली. तिथं एका म्हाताऱ्याच्या परसात ही होडी विकायला होती. लाकडी, जुनी, मधोमध डोलकाठी. पाहताक्षणी मला वाटलं, सगळं असेल, पण धनाजीरावांकडं हे नाही! गाडीसाठी साठवलेले पैसे मी तिथल्या तिथं देऊन टाकले. म्हातारा इतका खूश झाला, की कोकमाच्या तीन बाटल्या फुकट दिल्या. (तेव्हाच ओळखायला हवं होतं.)

"पाण्यात असते तोवर गुणाची आहे हो," तो म्हणाला. "फक्त उन्हात वाळवू नका."

मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

होडी जेवढ्याला पडली, त्याहून जास्त तिला ट्रकवर घालून आणायला पडलं. शीड उंदरांनी खाल्लेलं निघालं. ते मी मंडपवाल्याकडून शिवून घेतलं. त्यानं माया करून खालून लाल-पिवळी झालर लावून दिली. होडी दारात उतरली तशी सगळी गल्ली गोळा झाली.

"सर, एवढी लांब गव्हाण? म्हशी किती घेतल्यात?"

"गव्हाण न्हाई हो, होडी हाय!"

"आन् पाणी?"

याचं उत्तर मी ठरवून ठेवलं होतं. मांजरा धरण आहे की! उन्हाळ्यानं पाणी आत सरकलं होतं, पण होडीपुरतं होतं. प्रश्न पाण्याचा नव्हताच. प्रश्न हा होता, की धनाजीरावांनी पाहिल्याशिवाय होडी पाण्यात टाकण्यात अर्थ काय? मी फोन केला. ते म्हणाले, "येतो की सर, पर या रविवारी लग्न हाय." पुढच्या रविवारी दोन लग्नं. त्याच्या पुढच्या रविवारी जावळ. असे तीन रविवार गेले, वैशाखाचं ऊन रणरणत होतं आणि होडी दारात उघडी.

"अवं, ताडपत्री तरी टाका तिच्यावर," बायको म्हणाली.

"झाकली तर दिसंल कशी?"

"दाखवायला आणली का ती, का चालवायला?"

हा प्रश्न मला अडचणीचा वाटला, म्हणून मी तो ऐकला नाही.

चौथ्या रविवारी सगळे धरणावर जमलो. मामा, मामी, आक्का, धनाजीराव आणि आम्ही दोघं. आमच्याकडं नवीन वाहनाची पूजा झाल्याशिवाय चाक हलत नाही. मामींनी होडीला हळदकुंकू लावलं, हार घातला, मग चाकाखाली ठेवायचं लिंबू हातात घेऊन त्या चाकं शोधत होडीभोवती दोन फेऱ्या हिंडल्या. शेवटी लिंबू-मिरची डोलकाठीला बांधली. मग नारळ! मी हात पुढं केला. मामांनी तो सवयीनं माझ्या हातावरून पलीकडं दिला.

"थोरलं पावणं, फोडा!"

माझी होडी! माझा नारळ! पण म्हटलं, थांब, आता मामा माझ्या होडीत बसतील, मी सुकाणू धरीन, आणि धनाजीराव काठावर उभे राहून बघतील. झालंही तसंच. मामा फेटा सावरून ऐटीत बसले. होडी ढकलली, तरंगली, काठावर टाळ्या वाजल्या. आयुष्यातलं ते सुख मोजून अर्धं मिनिट टिकलं.

"सर," मामा म्हणाले, "पाय गार पडायलेत."

"धरणाचा वारा हाय मामा."

"वारं ओलं असतंय व्हय?"

खाली बघितलं. प्रत्येक दोन फळ्यांच्या मधून पाण्याची बारीक कारंजी उडत होती!

"जुन्या होडीत थोडं येतंच, मामा."

"घोट्याच्या वर आलं की हो!"

"तेवढं येतंच."

"गुडघ्याला आलं, सर!"

पुढचं उत्तर देईपर्यंत होडी शांतपणे तळाला जाऊन बसली. पाणी कमरेएवढंच होतं. तरीही मी डोलकाठीला मिठी मारून "वाचवा! वाचवा!" असं ओरडलो. धनाजीराव पँटसकट पाण्यात शिरले, माझ्या सासऱ्यांना पाठुंगळी घेतलं आणि काठावर नेऊन ठेवलं. त्या ओल्या पाठीवर बसलेले मामा काय कौतुकानं हसत होते! मी चालत बाहेर आलो. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

होडी ओढून काठावर घेतली. मामांनी फळ्यांवरून बोटं फिरवली आणि निकाल दिला. "लाकूड आटलंय. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक आटतं, लोखंडी धाव ढिली पडती, मग आपण चाक पाण्यात टाकून ठिवतो का न्हाई? तसं हिला मुरवा पंधरा दिस. फळ्या फुगल्या की थेंब येणार न्हाई."

"इथंच ठेवू?" मी विचारलं.

"इथं? उद्या सकाळी कुणाच्या तरी चुलीत जाईल," बायको म्हणाली.

मग ज्या माणसाच्या नाकावर टिच्चून मी होडी आणली होती, तो माणूस शर्ट पिळत म्हणाला, "आपलं शेततळं हाय की, सर! त्यात टाकू."

नाही म्हणायला माझ्याकडं तळं नव्हतं.

पुढं धनाजीरावांचे रोज फोन. "सर, आज कारंजी कमी झाली." "सर, आज पाणी उपसलं, भरलंच न्हाई!" प्रत्येक चांगल्या बातमीनं माझं तोंड पडायचं. पंधरा दिवसांनी एसटीनं आम्ही दोघं भूमला गेलो. शेततळ्याच्या बांधावर गावातली माणसं मोबाइल धरून उभी. आत पाण्यावर माझी होडी, वर मंडपाच्या झालरीचं शीड, सुकाणूवर धनाजीराव, आणि मधोमध मामा, मामी, आक्का!

"बघा सर," मामा ओरडले, "थोरल्या पावण्यांनी काय झकास होडी केली!"

"मामा, होडी माझी हाय!"

"व्हय व्हय, तुमचीच! पर पाणी त्यांचं हाय नव्हं!"

बांधावरचा सगळा गाव हसला. माझी बायकोही हसली.

"या सर, बसा!" धनाजीराव खरोखर मनापासून म्हणाले. "किती माणसं बसतेत हिच्यात?"

"पाच."

सगळ्यांनी मोजलं. आत चौघं होते. मी चप्पल काढायला वाकलो आणि सरळ होईपर्यंत माझी बायको पदर खोचून होडीत जाऊन बसली होती!

"सर," मामांनी लांबून हात केला, "तिथं बांधावर पेंडीचं पोतं हाय, त्यावर बसा की!"

बसलो. दुसऱ्याच्या वस्तूवर जळणारी माणसं गावोगाव आहेत. स्वतःच्याच होडीवर काठावर बसून जळणारा मीच.

तेवढ्यात शीड लुळं पडलं, होडी जागेवर थांबली आणि धनाजीरावांनी हाक दिली, "सर, तुमी भूगोलवाले! वारं कुठनं हाय?" बारा वर्षांत त्यांना माझी गरज पहिल्यांदाच पडली होती. उलटी दिशा सांगावी, असं मनात आलं. अगदी तोंडापर्यंत आलं. पण जन्मभर पोरांना दिशा शिकवलेल्या, जीभ वळेना.

"पश्चिमेकडनं!" मी ओरडलो.

धनाजीरावांनी शीड फिरवलं, ते टच्च फुगलं, होडी सुसाट निघाली. आणि मामा, माझे मामा, त्या हलत्या होडीत आनंदानं ताडकन उठून उभे राहिले!

"वा, थोरलं पावणं, वा!"

पोत्यावरून मीही टाळ्या वाजवल्या.