सुजाताची सही

आमच्या लॅबमध्ये आम्ही तिघंच: सुजाता, मी आणि आमचे गाईड, म्हणजे सर. रिझल्ट क्वचित येतात, पण तीन माणसं रोज एका खोलीत बसली की सांगण्यासारखं काही ना काही घडतंच.

सुजाता फुलंब्रीहून एसटीनं यायची. पहिल्याच भेटीत तिनं विषय सांगितला: क्वांटम संदेशावर, म्हणजे सूक्ष्म कणांच्या अवस्थेत लिहिलेल्या संदेशावर, डिजिटल सही. संदेश कुणाचा आहे, वाटेत कुणी बदललाय का, हे कुणालाही तपासता यायला हवं.

सर म्हणाले, "होणार नाही. क्वांटममध्ये ज्याला सही तपासून संदेश वाचता येतो, त्याला तो गुपचूप बदलताही येतो. सिद्ध झालंय हे."

"बरं सर. नेमकं काय सिद्ध झालंय, ते आधी वाचते."

एकदा एसटीत शेजारच्या मावशींनी तिला विचारलं, "काय शिकती गं?"

"सही करायला."

"मग आतापातूर अंगठाच व्हय?"

तिची पहिली पद्धत सरांनी दुसऱ्याच ओळीवर पाडली. मी तिला कॅन्टीनला नेलं आणि म्हणालो, "विषय बदल."

"तू चहा बदलून आण. साखर नाय यात," असं म्हणून ती उठली आणि फळा पुसायला गेली.

पुढं किती पद्धती पडल्या, आठवत नाही; दर वेळी सरांचं 'होणार नाही' ती घरी जाऊन वडिलांना ऐकवायची. शेवटी तिनं तपासायची किल्लीच उशिरा द्यायचं ठरवलं. संदेश कुलूपबंद पाठवायचा, तो पोचल्यावरच किल्ली जाहीर करायची. त्यानंतर आलेला संदेश कुणी खरा मानायचाच नाही, म्हणजे किल्ली हातात आल्यावर बदल करून उपयोग नाही.

सर म्हणाले, "ही पळवाट झाली."

"वाट आहे ना, सर?"

सरांनी तिनं लिहिलेली सिद्धता घरी नेली आणि बरेच दिवस तपासली. मग एका रविवारी, सुजाताचा फोन लागेना म्हणून, शहरातल्या गारखेड्याहून स्कूटर काढून थेट फुलंब्रीला गेले. तोंडाला रुमाल, अंगभर धूळ. दारात तिचे वडील.

"कोण पायजे?"

"मी सुजाताचा सर."

"कशावरून?"

सरांनी खिसे चाचपले. ओळखपत्र घरीच राहिलं होतं. मग रुमाल काढून म्हणाले, "तिला सांगा, तिचं बरोबर आहे. माझंच चुकलं."

वडिलांनी दाराची कडी सोडली नाही.

"मग तुमी तिचे सर नाय."