दहापैकी आठ

सकाळी नऊ ते दुपारी एक ती चार मुलांची आई नसायची. बाई असायची. नियम तिनेच घातलेला, आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. धाकटा अवघा सहा वर्षांचा. त्याच्या तोंडून साडेनऊला चुकून "आई, शू आली" निघालं तरी ही फळ्याकडे तोंड करून ढिम्म उभी. त्याने पाय आवळत "बाई, शू" म्हटलं की मग लगेच, "जा, आणि हात धुऊन ये." आता असल्या बाईला काय म्हणावं? पण शेजारपाजार म्हणायचा, घरशाळा असावी तर अशी. आपणही तिला बाईच म्हणू, तिला तेच आवडायचं.

शाळा भरायची ती बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत. खाली भट्टी, त्यामुळे वरची फरशी कायम ऊबदार, आणि थंडीतही पोरं अनवाणी. न्याहारीचं टेबल पुसलं की झाला वर्ग. कपाटाच्या दाराला काळा रंग मारून केलेला फळा, एका भिंतीला नकाशा, दुसरीला पाढे आणि महिन्याचं बायबलवचन. नऊला प्रार्थना, मग गणित, मग भाषा. मधेच गॅसवरचे बटाटे उतू जायचे. खालून घंटी वाजली की बारा वर्षांची थोरली धावत जाऊन गिऱ्हाइकाला पाव द्यायची आणि येऊन अर्धा राहिलेला भागाकार पुरा करायची. मधले दोघे जुळे, नऊ वर्षांचे. त्यांना सगळे जोडगोळीच म्हणायचे. एकाला मार बसला की दुसरा आपला गाल चोळायचा.

बाईला खरोखरची शिक्षिका व्हायचं होतं. कोर्सचं एक वर्ष राहिलं आणि लग्न झालं. पुढे नवऱ्यानेच फर्मान काढलं, बाहेरच्या शाळेत पोरं बिघडतात, प्रभूचं नाव टाकतात, तू घरीच शिकव. त्याची कारणं त्याच्यापाशी. हिला मात्र फळा मिळाला, खडू मिळाला, चार विद्यार्थी मिळाले. दरवर्षी नाताळच्या आधीच्या आठवड्यात तपासनीस साहेब यायचे, मुलांना प्रश्न विचारायचे आणि पुढच्या वर्षाच्या परवानगीवर सही करायचे. सही नाही मिळाली तर पोरं बाहेरच्या शाळेत आणि बाई खाली पीठ चाळायला. तिचा सगळा जीव त्या एका सहीत अडकलेला होता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण घरातल्या मांजरालासुद्धा ते ठाऊक होतं.

तिच्या शाळेचं भूषण म्हणजे दिनवह्या. प्रत्येक मुलाने रोज किमान पाच ओळी लिहायच्या. काल घरात जे घडलं तेच लिहायचं, मनचं एक अक्षर घालायचं नाही. खोटं लिहिणं म्हणजे पाप. संध्याकाळी बाई लाल शाईचं पेन घेऊन बसायची आणि एकेक वही तपासून शेरा द्यायची. चार वर्षांच्या वह्या कपाटात नीट रचून ठेवलेल्या.

आणि नवरा? तो बेकरीवाला. गल्लीत विचारा, देवमाणूस म्हणतील. म्हाताऱ्यांना कालचा पाव फुकट द्यायचा, चर्चच्या मेळ्याला केक पाठवायचा, पाळकसाहेबांच्या दाराशी टोपी काढून उभा राहायचा. पहाटे चारपासून भट्टीसमोर राबायचा, कामचुकार नव्हता. पण वर आला की दाराआडच्या खिळ्यावरून पट्टा काढायचा. कमरेचा पट्टा नव्हे. पीठ मळायच्या यंत्राचा जुना रबरी पट्टा, दोन बोटं रुंद, आतून दातेरी. तो अंगावर बसला की दात्यांची रांगच्या रांग उमटायची. वचन अडखळलं, पट्टा. पेला फुटला, पट्टा. रागाच्या भरात मारतो असंही नाही, मेला शांतपणे मारायचा. आधी बाही दुमडायचा.

नाताळाआधीच्या चार आगमन-रविवारांपैकी पहिल्या रविवारी त्यांनी फडताळावर गोठ्याचा देखावा मांडला. लाकडी मेंढ्या, तीन ज्ञानी, आणि मधे रिकामी गव्हाण. मुलाने एक चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी टाकायची, म्हणजे नाताळच्या रात्री बाळाला मऊ अंथरूण मिळतं. किती घरांतून असतं हे, आणि किती गोड असतं! पण या गृहस्थाने त्यात आपली पुस्ती जोडलेली. चूक झाली की काडी काढायची, आणि वर एक पट्टा. तिसरा रविवार उजाडला तेव्हा गव्हाणीत उण्यापुऱ्या चार काड्या. धाकट्याला काही हे बघवेना. बाळ फळकुटावर कसं निजेल? तो गुपचूप खाली गेला, अंड्यांच्या खोक्यातलं मूठभर गवत उचललं आणि गव्हाण गच्च भरून टाकली. इतका खूश झाला की शिट्टी वाजवत फिरला.

दर रविवारी एक, अशी तिसरी मेणबत्ती लावायला संध्याकाळी सगळे टेबलाभोवती जमले. बाप गव्हाणीवर वाकला. गवताला अंड्याच्या कवचाचा तुकडा चिकटलेला.

"कोणी?"

धाकट्याने हात वर केला. बाईच्या वर्गात तशीच शिस्त होती ना!

"चोरी," बाप म्हणाला. "तीही प्रभूच्या घरात." आणि बाही दुमडली. "सात पट्टे. हात टेबलावर."

पहिले दोन त्या पोराने सोसले. तिसऱ्याला त्याने हात मागे ओढला, बापाने मनगट धरून टेबलाच्या कडेवर दाबलं, आणि पुढचा पट्टा बोटांवर बसला. पाचव्याला कट्कन आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला. पोर अशी किंकाळी फोडून ओरडलं की खाली दुकानात कोणीतरी 'काय झालं हो' म्हणून हाक मारली. "काही नाही, पडलाय," बापाने वरून गोड आवाजात सांगितलं. मग सात पुरे केले, आणि रडला म्हणून आणखी दोन पाठीवर. जोडगोळीतल्या एकाने तिथेच चड्डी ओली केली. थोरली मधे पडली तर तिला कोपराने अशी ढकलली की ती भिंतीवरच्या नकाशाला जाऊन धडकली. मग मेणबत्ती लागली. आणि गाणं म्हटलं. हो, म्हटलं! थरथरत का होईना, तीन कडवी.

आणि बाई कुठे होती? तिथेच होती. पाच हातांवर. तिने पाठ फिरवली, खडू घेतला आणि फळ्यावर उद्याची तारीख घालून वेळापत्रक लिहिलं. ओळ एवढीशीसुद्धा वाकडी गेली नाही. नंतर तिने त्या बोटाला दोन चपट्या काड्या लावून फडकं बांधलं. नवरा म्हणाला, नाताळच्या ऑर्डरी उरकल्या की डॉक्टरला दाखवू, तोवर दारात सापडलं म्हणायचं. ती बरं म्हणाली.

सोमवारी थोरलीने दिनवहीत लिहिलं, "काल बाबांनी धाकट्याला यंत्राच्या पट्ट्याने नऊ वेळा मारले. त्याचे बोट मोडले. मी मधे गेले तर मला ढकलले. मग आम्ही गाणे म्हटले. आई फळ्यावर लिहीत होती."

संध्याकाळी बाईने ते वाचलं आणि लाल शाईने खाली शेरा लिहिला. "अक्षर वळणदार. घटना क्रमाने मांडल्या आहेत. शेवट आणखी परिणामकारक करता आला असता. दहापैकी आठ."

तुम्ही म्हणाल, ही आई की कोण? मलाही तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. पण ती दुष्ट नव्हती हो. त्या खोलीत जगायचं तर तिने बाई होऊन जगायचं ठरवलं होतं, आणि बाईला फक्त अक्षर, समास आणि मांडणी दिसायची. शिवाय गुरुवार तोंडावर आला होता.

गुरुवारी साहेब आले. साठीचे, नाक लाल, गळ्याला मफलर. मुलांनी काय उत्तरं दिली म्हणता! जोडगोळीने पाढे उलटे म्हटले, थोरलीने नकाशावर नद्या दाखवल्या, धाकट्याने डाव्या हाताने बेरीज सोडवली.

"बोटाला काय झालं रे?"

"दारात सापडलं," चौघंही एकदम म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. "भाषेचा एखादा नमुना द्या," ते म्हणाले, "म्हणजे झालंच."

आणि बाईने काय करावं? चारांतली थोरलीची वही काढून दिली. सगळ्यांत सुरेख अक्षर तिचंच ना! आत काय लिहिलंय ते ती विसरली नव्हती. तिला ते दिसतच नव्हतं.

साहेबांनी एक पान वाचलं. उलटलं. पुन्हा मागे आले. मग टोपण हळूच पेनाला लावलं.

"बाई, हे तुम्ही वाचलंय?"

"हो तर. रोजच्या रोज तपासते," ती अभिमानाने म्हणाली. "खाली शेरा आहे बघा."

बोलून गेली, आणि मग ते शब्द तिचे तिलाच ऐकू आले.

नेमका त्याच वेळी नवरा वर आला, हातात साहेबांसाठी केकचं खोकं. वही कोणाची आणि कुठल्या पानावर उघडी, हे त्याने दारातूनच हेरलं. हसला. "पोरीच्या डोक्यात फार गोष्टी शिजतात, साहेब. कल्पनाविस्तार! काय गं, सांग की साहेबांना."

"कल्पनेतला निबंध असेल तर प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. "पण तसं तुम्ही सांगा, बाई."

कागद टेबलावर होता, सहीची जागा कोरी. एक शब्द बोलायचा अवकाश, शाळा वाचत होती. बाईने थोरलीकडे पाहिलं. पोर कोणाकडेच बघत नव्हती. मान खाली घालून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. साहेब जिना उतरले की आज काय होणार ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ती वाट बघत होती.

"मी कल्पनेचे निबंध कधी दिलेच नाहीत, साहेब," बाई म्हणाली. "त्या वहीत खोटं एक अक्षर नाही. दारात सापडलं ते खोटं."

नवऱ्याने खोकं शांतपणे टेबलावर ठेवलं. बाही मात्र या खेपेला दुमडली नाही. बाईच्या तोंडावर असा ठोसा मारला की ती कपाटावर आदळली आणि दार निखळून तिच्याच अंगावर आलं. भुवई फुटली. साहेब "अहो, अहो" करत उठले तर त्यांना छातीवर रट्टा बसून ते खुर्चीसकट मागे कोसळले. मग तो थोरलीकडे वळला. वेणी हाताला गुंडाळून त्याने तिचं डोकं टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा. "लिही! आता लिही!"

तिसऱ्यांदा आपटू दिलं नाही बाईने. डोळ्यांत रक्त उतरलेलं, दिसत काही नव्हतं, तरी ती त्याच्या हातावर तुटून पडली आणि मनगटाला कडकडून चावली. दात हाडाला लागेपर्यंत चावली. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या बरगड्यांत ठोसे घातले, गुडघे मारले, तिने जबडा काही सोडला नाही. वेणी सुटली. जोडगोळी जिन्यात उभी राहून बोंब ठोकत होती. खालचे पीठ मळणारे दोघे कामगार धावत आले, त्यांनी मालकाला मागून कव घालून पाडलं आणि एकजण त्याच्या पाठीवर बसला. पोलीस येईपर्यंत बसून राहिला. बिचारा सारखा म्हणत होता, "मालक, माफ करा, मालक."

नाताळच्या आदल्या दुपारी बाई आणि चार मुलं तिच्या बहिणीच्या घरी होती, एका खोलीत, जमिनीवर गाद्या टाकून. बाईच्या भुवईला सहा टाके, दोन बरगड्यांना चीर. धाकट्याच्या बोटाला प्लास्टर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वेळेवर आणलं असतं तर सरळ बसलं असतं, आता थोडं वाकडंच राहील. साहेबांचा कागदही येऊन पडला होता. परवानगी रद्द. सुट्टी संपली की चौघांनी बाहेरच्या शाळेत जायचं. बाईने तो दोनदा वाचला आणि घडी करून उशीखाली ठेवला. रडली नाही. नवरा कोठडीत होता, तेवढ्यावर तिचं समाधान होतं.

मावशी बाकीच्यांना घेऊन कागदी चांदण्या चिकटवायला गच्चीवर गेली. थोरली एकटीच मागे राहिली. कपाळावरचं टेंगूळ काळंनिळं झालेलं. बाईने हात लांब करून तिचे केस मागे सारले. पोर आखडली.

"माझ्यावर चिडलीस?" बाईने विचारलं. "तुझी वही मी परक्या माणसाच्या हातात दिली म्हणून?"

थोरलीने गादीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"त्यांना दिलीस त्याचं काही नाही," ती म्हणाली. "मी ते तुझ्यासाठी लिहायचे, आई. मारताना तू पाठ फिरवायचीस. मला वाटायचं, तुला दिसत नाही. मग कळणार कसं तुला? म्हणून मी सगळं लिहून ठेवायचे, तू संध्याकाळी वाचशील म्हणून. चार वर्षं. आणि तू मला मार्क द्यायचीस."

गच्चीवरून धाकटा हाक मारत होता. थोरली उठली आणि वर निघून गेली.