पाण्याच्या दिवसाच्या भाकरी

पाणीपट्टी खात्यात मी कारकून आहे. आमच्याकडे अर्ध्या इंची नळाला वर्षाची ठरलेली पट्टी असते. पाणी रोज येवो की चार दिवसांनी, आकडा तोच. फरक पडतो तो नळ घरगुती आहे की व्यावसायिक, एवढ्यानेच. व्यावसायिक दर कितीतरी जास्त. आणि तो एक शब्द पाहणीला गेलेला माणूस लिहितो.

सात वर्षांपूर्वी तो माणूस मी होतो. सोलापुरातल्या एका गल्लीत एका मावशींच्या दारात बाजेवर कडक भाकरींची रास वाळत होती. मावशींनी मला पाणी दिलं, वर चटणी-भाकरी. "मंगळवेढ्याची ज्वारी हाय, खावा की." मी खाल्ली आणि त्यांच्याच पायरीवर उभं राहून लिहिलं : भाकरी विक्री, व्यावसायिक. विचारलं मात्र काहीच नाही.

बिल आल्यावर त्या खिडकीवर आल्या. "साहेब, एवढं कसं वो?" मी ओळखलं, पण मान वर केली नाही. पलीकडच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथला माणूस रजेवर आहे, हे मला माहीत होतं. त्यानंतर दर वर्षी त्या मुकाट्याने, हप्त्याहप्त्याने भरत राहिल्या.

तेव्हा मी खात्याच्या कर्मचारी वसाहतीत राहायचो. तिथे टाकी होती, पाणी रोज असायचं. गेल्या वर्षी आम्ही मावशींच्याच भागात भाड्याने आलो. इथे पाणी चार दिवसांनी. पहिल्याच पाण्याच्या दिवशी बायको सकाळपासून भाकरीच करत बसली.

"एवढ्या कशाला गं?"

"उद्या पीठ मळायला, परात धुवायला पाणी कुठून आणू? सगळी गल्ली आजच करून ठेवते."

बाहेर पाहिलं. दारोदारी बाजा, त्यांवर वाळणाऱ्या भाकरी. मावशींची ती रासही विकायची नव्हती, घरचीच होती.

मावशींचा नळ पुन्हा घरगुती करावा, असा दुरुस्तीचा अहवाल मी लिहिला. कारण : पाहणी करणाऱ्याची चूक. खाली माझी सही. मावशींची सही घ्यायला गेलो तेव्हा सगळं सांगितलं. भरलेले पैसे नियमाने परत मिळणार नाहीत, हेही.

"मला ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "पायरीवर लिवताना बघितलंय तुमाला."

"मग खिडकीवर बोलला का नाहीत?"

"माझ्या हातची भाकरी खाल्लेल्या माणसाला चार लोकांत काय बोलायचं?"

तेवढ्यात नळ फुसफुसला.

"आता रडत बसू नका. तासभरच असतंय पाणी. ती घागर लावा आधी."

त्या परात ओढून पीठ मळायला बसल्या. मी घागरी भरून दिल्या, पिंप भरलं, शेजारची बादलीही भरली. नळ बंद झाल्यावरही मी तिथेच बसून त्यांच्या भाकरी बाजेवर वाळत घालत होतो.