प्रतिवादी स्वतः हजर

“झालं का वं बाई लिहून? मंग पुढचं सांगतो.”

बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि माझ्याकडे पाहायची. मी दिवाणी न्यायालयात स्टेनो. माझी बोटं कीबोर्डवर चाललेली दिसली की तिला वाटायचं, आपलंच बोलणं उतरतंय. खरं तर मी आधीच्या प्रकरणाचा आदेश टाइप करत असे.

गांधीबागेतल्या दुकानांसाठी ती साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. नंदनवन वस्तीतली तिची भाड्याची खोली घरमालकाला परत हवी होती. त्याचं म्हणणं एवढंच, की बाईनं खोली कित्येक महिने विनाकारण बंद ठेवली.

“विनाकारण कशी, साहेब? खापरखेड्याले पोरीचं बाळंतपण होतं. मरता मरता वाचली पोरगी. तिले सोडून येऊ काय?”

दर तारखेला ती हे पहिल्यापासून सांगायची. घरमालकाचे वकील कंटाळून हसायचे. तिला वाटे, यांना पटलं. मग त्यांच्याकडेच वळून म्हणायची, “तुमीच सांगा नं, भाऊ.”

न्यायाधीश साहेब वाईट नव्हते. “बाई, वकील लावा, लेखी जबाब द्या,” असं बजावायचे. मोफत वकीलही मिळाला. एकदा आला, मुदत मागितली, पुन्हा दिसला नाही.

“वकील काहून पाह्यजे? झालं ते मले मालूम नं!” ती म्हणाली. आम्ही सगळे हसलो. तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही हसला असतात.

जबाबाची मुदत संपून गेली. तारखा मात्र तिनं एकही चुकवली नाही.

निकाल साहेबांनी सांगितला, मी टाइप केला. त्यात एक वाक्य होतं : ‘खोली विनाकारण बंद होती, हे प्रतिवादीने नाकारलेले नाही.’ माझी बोटं थांबली. साहेबही जरा थांबले. मग म्हणाले, “पुढे.” कायद्यानं वाक्य बरोबरच होतं. तिनं लिहून दिलं नव्हतं, आणि नुसतं तोंडानं सांगितलेलं धरता येत नाही.

खोली सोडावी लागणार, एवढं तिला समजलं. ती रडली नाही. साहेबांना हात जोडले, आणि घरमालकाच्या वकिलांपुढे जाऊन उभी राहिली.

“येतो, भाऊ. गरिबाचं कोण ऐकते? तुमी सगळ्याईनं ऐकून घेतलं.”

वकील उठून उभे राहिले. शिपायानं पुढचं प्रकरण पुकारलं, तरी कोणी हललं नाही. ती जिना उतरून जाईपर्यंत आम्ही सगळे खाली मान घालून होतो.