लाल नटाचं ग्रीस

ट्रकच्या चाकाच्या नटाला तेलाचा थेंब लागता कामा नये आणि या शर्यतीच्या गाडीच्या चाकाच्या नटाला ग्रीस लागलंच पाहिजे. एवढीच गोष्ट आहे. ती मी आप्पांना किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही आणि दर वेळी त्यांनी मान हलवली. मान हलवली म्हणजे ऐकलं, असं मला तेव्हा वाटायचं.

आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्गच्या अलीकडं त्यांचं टायरचं दुकान आहे. चाळीस वर्षं त्यांनी ट्रकची चाकं काढली आणि बसवली. शाळेतून आल्यावर माझं काम एकच असायचं, नट डिझेलात धुवायचे आणि फडक्यानं खडखडीत कोरडे करायचे. मग आप्पा एकेका नटावरून बोट फिरवत. बोटाला जरा जरी तेलकट लागलं की सगळे नट परत डिझेलात. मैत्रिणी लंगडी खेळायच्या आणि माझ्या हातांना डिझेलचा वास.

हा नियम त्यांनी उगाच केलेला नव्हता. ते तरुण असताना एका क्लीनरनं नट सोपा फिरावा म्हणून तेल घातलं होतं. तेल घातलेला नट नेहमीच्या जोरानं आवळला तर गरजेपेक्षा जास्त आवळला जातो, बोल्ट ताणले जातात आणि एखाद्या दिवशी तुटतात. तसेच ते तुटले. तुळजापूरच्या घाटात चाक एकीकडं गेलं आणि ट्रक दुसरीकडं. ड्रायव्हर आप्पांच्या रोजच्या ओळखीचा होता. तेव्हापासून आमच्या दुकानात कोरडा नट हे व्रत झालं.

पुढं मी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, पुण्याला शर्यतीच्या गाड्यांच्या वर्कशॉपात पाच वर्षं काढली आणि आप्पांचे गुडघे गेल्यावर परत आले. माझ्यामागून एक गाडीही आली. हैदराबादच्या एका बड्या असामीनं आमच्या इथला मुरमाड माळ विकत घेऊन त्यावर स्वतःसाठी डांबरी ट्रॅक करून घेतला होता. महिन्या-दोन महिन्यांनी ते पाहुण्यांचा लवाजमा घेऊन यायचे आणि जमिनीला पोट लावून चालणारी आपली गाडी तिथं पळवायचे. त्या गाडीची चाकं बसवायला जिल्ह्यात दुसरं कुणी नव्हतं. गाडीचं काम माझ्याकडं आलं ते माझ्या गुणांमुळं आलं, एवढं तरी मी म्हणून घेणार.

त्या गाडीच्या चाकाला पाच-सहा नट नसतात. मधोमध एकच, भाकरीच्या उंड्याएवढा. डाव्या बाजूचे लाल, उजव्या बाजूचे निळे. त्यांची अदलाबदल चालत नाही. आट्यांना आणि नट जिथं चाकाला टेकतो त्या उतरत्या कडेला करड्या रंगाचं खास ग्रीस लावायचं. आत एकानं ब्रेक दाबून धरायचा, बाहेर दुसऱ्यानं चार फुटी टॉर्क पाना लावायचा. मी अंगाचं सगळं वजन टाकते तेव्हा कुठं ठरलेला जोर भरून तो पाना टक् करतो. मग नट थोडा सैल करायचा आणि परत टक् होईपर्यंत आवळायचा. शेवटी नट सुटू न देणारी हबच्या मधली खीळ स्प्रिंगनं बाहेर आलीय का ते बोट लावून बघायचं. दोन-चार फेऱ्या मारून गाडी निवली की परत एकदा तपासणी. एका चाकाला एकच नट, म्हणजे तो चुकला तर सांभाळून घ्यायला दुसरा नाही.

ग्रीस का, तर पाना फक्त लावलेला जोर मोजतो. आटे कोरडे असतील तर तो जोर आट्यांच्या घासण्यातच खर्च होतो. पाना टक् करतो, बघणारा खूश होतो आणि चाक मात्र धड दाबलं गेलेलं नसतं. गाडी बनवणाऱ्यांनी जोराचा आकडा ग्रीस धरूनच ठरवलेला असतो. हेही मी आप्पांना सांगितलं होतं. दुकानात बसून, चहा पिताना, अगदी नट हातात देऊन.

गाडीच्या मालकांची एक सवय होती. मी घामाघूम होऊन चारही चाकं बसवायची, हात पुसायचे, "झालं साहेब" म्हणायचं. ते माझ्या डोक्यावरून पलीकडं बघायचे आणि खाटेवर बसलेल्या आप्पांना विचारायचे, "काका, तुम्ही बघितलं ना?" आप्पा म्हणायचे, "बघितलं." बघितलेलं नसायचं. दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मालकांचा राग यायचा, पण आप्पांचा जास्त यायचा. मालक परके. "तिलाच इचारा की" एवढं म्हणायला आप्पांना काय जड जात होतं?

त्या वर्षी मालक नवरात्रात आले. गाडी अष्टमीला माझ्याकडं आली. मी नवे टायर घातले, चारही नट ग्रीस लावून बसवले, खिळी बघितल्या आणि गाडीवर कापड टाकलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी दुकानातलं एकूण एक हत्यार डिझेलात धुवून, कोरडं करून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि मग दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. मी सकाळी झेंडूची फुलं आणायला नळदुर्गच्या बाजारात गेले. रस्त्यावर तुळजापूरला चालत निघालेल्यांची रीघ, एका कडेला सोयाबीन वाळत घातलेलं. तासाभराचं काम, त्याला दोन तास लागले.

परत आले तर गाडी नव्हती. आई म्हणाली, "सायेब आलते. दारातल्याच फुलांवर पूजा केली, मंग गाडी घेऊन माळावर गेले. तुज्या आप्पाला बी बसवून नेलं. आज काकांना फेरी मारायची म्हणले."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आयुष्यभर चाकं बसवलेला माणूस एकदा तरी अशा गाडीत बसला तर काय बिघडलं. फुलं ठेवायला मी आत गेले आणि डिझेलच्या पत्र्याच्या घमेल्याकडं लक्ष गेलं. शेजारी आप्पांचं फडकं पडलेलं होतं आणि ते करड्या ग्रीसनं माखलेलं होतं. पुजलेल्या पान्यांच्या रांगेकडं, फुलांकडं, कशाकडं बघायला नको होतं. त्या एका फडक्यानं सगळं सांगितलं.

आप्पांनी पूजेसाठी चारही नट काढले होते, धुतले होते, पुसून लखलखीत कोरडे केले होते आणि त्याच पान्यानं परत आवळले होते.

मी पाटावरचा टॉर्क पाना उचलला. त्याच्यावरची फुलं खाली पडली. आई म्हणाली, "आगं ठेव खाली, पुजलेला हाय. उद्याच्याला उचल." मी म्हटलं, "उद्यापर्यंत आप्पा राहायला पाहिजेत ना." तिला असं बोलायला नको होतं. पाना स्कूटरवर आडवा टाकला, डिकीत सॉकेट आणि ग्रीसचा डबा कोंबला आणि माळाची वाट धरली. पाना आडवा असल्यामुळं समोरून येणारे शिव्या देत बाजूला होत होते. मीही देत होते.

पोचले तेव्हा गाडीचं इंजिन सुरू होतं. मालक स्टिअरिंगवर, डावीकडं आप्पा. डोक्याला हेल्मेट, छातीवर पट्टे, खाली धोतर. पाहुणे मोबाइल धरून उभे. मी स्कूटर गाडीच्या पुढ्यात आडवी घातली.

मालकांनी काच खाली केली. "काय झालं बेटा?"

"नट कोरडे आहेत. गाडी हलवू नका."

त्यांनी मान वळवली. माझ्याकडं नाही, आप्पांकडं. "काका?"

आप्पांनी हेल्मेट काढलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "चाळीस वर्सं झाली, चाकं बसवतोय म्या," ते म्हणाले. "नटाला गिरीस लागलं हुतं. साफ केलं. सायबांसमोर नको म्हणून बोललो न्हाय. तुजी चूक झाकली म्या."

माझी चूक झाकली म्हणे. मी मालकांना चोरून गलथानपणा केला आणि बापानं तो लेकीच्या मायेनं निस्तरला, असं ते धरून चालले होते. त्यांना माझी लाज वाटली होती आणि माझी अब्रू राखायला त्यांनी स्वतःचा जीव त्या नटांवर ठेवला होता. एखाद्याच्या मायेचा इतका संताप येऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"उतरा," मी म्हटलं. "दोघंही उतरा. दाखवते."

ट्रॅकवर मालकांचा जॅक असतो. मालक ब्रेक दाबायला परत आत बसले, चेहऱ्यावर लेकराचा हट्ट पुरवल्यासारखं हसू. पूजेत आप्पांनी प्रत्येक नटापासून चाकापर्यंत कुंकवाचं एकेक बोट सरळ ओढलं होतं. मी ते बोटानं आप्पांना दाखवलं. म्हटलं, "ही रेघ ध्यानात ठेवा." कुंकू पुसू नये म्हणून सॉकेट जपून बसवलं. उजवीकडचा पुढचा निळा नट सैल करून, चाक उचलून काढला, आट्यांना आणि कडेला ग्रीस लावलं, परत फिरवला. गाडी खाली घेतली. तोच पाना, तोच आकडा. टक्. सैल. परत टक्.

नटावरचं कुंकू तेवढ्याच जोरात चाकावरच्या कुंकवाच्या बोटभर पुढं गेलं होतं.

आप्पा वाकले. गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. चाकाच्या नटात बोटभर म्हणजे काय, हे जगात कुणी त्यांना शिकवायची गरज नव्हती. मागचं निळं चाक केलं. तिथंही बोटभर. मग पलीकडं जाऊन पुढचं लाल केलं. पाठ भरून आली होती, घाम डोळ्यात जात होता. पाहुण्यांपैकी कुणीतरी घड्याळाकडं बघून खाकरलं.

मालक आतूनच म्हणाले, "काका, बसली ना चाकं? निघू या?"

आणि आप्पा म्हणाले, "बसली."

सवयीनं म्हणाले. बड्या माणसानं विचारलं की होय म्हणायचं, या सवयीनं. दाराचा दांडा धरून ते परत आत बसायलाही निघाले. पाना हातातून खाली टाकावा आणि स्कूटर काढून घरी जावं असं मला वाटलं. एकदाचं काय व्हायचं ते होऊ दे, असंही वाटलं. हे खोटं सांगत नाही.

"तीन बसली," मी म्हणाले. आवाज चढला होता, चढू दिला. "चौथं तसंच कोरडं आहे, आप्पा. मागचं लाल. तुम्ही बसणार आहात त्याच्याच मागचं."

आप्पांनी दांडा सोडला. मागच्या चाकाकडं बघितलं, स्वतःच ओढलेल्या कुंकवाच्या सरळ रेघेकडं बघितलं. मालक परत विचारायला लागले, "काका, मग..." आप्पा त्यांना म्हणाले, "तुमी उतरा सायेब." आणि गाडीला वळसा घालून, धोतर सावरत, त्या खोल सीटवर स्वतः कसेबसे बसले. मी लहान असताना ट्रकचा ब्रेक दाबून धरायला ते मला केबिनमध्ये चढवायचे. माझा पाय पुरायचा नाही, मी सीटच्या कडेला सरकून दोन्ही पायांनी दाबायचे आणि ते खालून ओरडायचे.

मी मागच्या लाल नटाला सॉकेट लावलं.

"दाबा," मी म्हणाले.

त्यांनी दाबला.

"जोरात दाबा, आप्पा. आणि मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

"न्हाय सोडत," आतून आवाज आला. मी पान्यावर सगळं वजन टाकलं.