माझी परत वळलेली पापणी

आमच्या माण गावात जमीन विकलेला माणूस काळा गॉगल लावून फिरू लागला की लोक समजतात, गडी प्लॉटिंगच्या धंद्यात पडला. दिवाळीआधी मला चारचौघांनी गुंठ्याचा भाव विचारला. मीही मान हलवून "बघू" म्हणालो. या वयात फुकटात मिळणारा रुबाब कोण सोडतो?

खरं तर माझ्या उजव्या डोळ्यात पापणीचा केस टोचत होता, एवढंच.

लहानपणी आमच्या घरात सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या. त्या बऱ्या झाल्या, पण पापण्या आतून आकसत गेल्या आणि म्हातारपणी केस बुबुळावर घासायला लागले. पिंपरीच्या दवाखान्यात ऑपरेशन करून माझी पापणी बाहेर वळवली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "थेंब पूर्ण संपवा, टॉवेल वेगळा ठेवा, तपासणी चुकवू नका. केस पुन्हा आत वळू शकतो. टोचलं तर उपटत बसू नका, लगेच या." मी इतक्या जोरात हो म्हणालो, की बाईंना तेव्हाच संशय यायला हवा होता. थेंबांची बाटली अर्धीच राहिली. पुढच्या तपासणीच्या वेळी डोळा ठणठणीत आहे, असं माझं मीच ठरवलं.

वर मी ऑपरेशनचा प्रचारक झालो. आळंदीला दिलेली माझी थोरली बहीण शालनअक्का, तिचा डावा डोळा याच दुखण्यानं गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर, आणि तिथंही केस घासू लागले होते. ती ऑपरेशनला घाबरायची. मी तिच्या मागेच लागलो. "माझ्याकडे बघ, एकदा केलं की जन्माची कटकट गेली!" शेवटी ती तयार झाली. भाऊबीजेनंतरचा सोमवार ठरला, आणि माझा केस नेमका तेव्हाच परत वळला. अक्काला कळलं तर ती माघार घेणार आणि तिचा उरलेला डोळा जाणार, या विचारानं माझी झोप उडाली. म्हणून गॉगल, आणि दार लावून आरशासमोर चिमटा. बायको, जयमाला, रोज म्हणायची, "दवाखान्यात जा की!" मी म्हणायचो, "सोमवार होऊ दे."

भाऊबीजेला आळंदीत पाटावर बसलो. अक्का निरांजन घेऊन समोर आली.

"मारुती, गॉगल काढ."

"राहू दे अक्का. फॅशन हाय."

"ववाळताना कसली फॅशन? काढ म्हन्ते न्हवं!"

काढला. ज्योत समोर येताच डोळ्यातून धार लागली. अक्काची सून हळहळली, "मामांना किती भरून आलं!" मीही लगेच भरून आल्यासारखा चेहरा केला. अक्कानं मात्र ताट खाली ठेवलं, हनुवटी धरून माझं तोंड खिडकीकडे वळवलं आणि नाकाला नाक लागेल इतकं जवळून पाहिलं.

"परत आलाय. कवापासनं?"

मी सगळं ओकलो. आता ही नाही म्हणणार, म्हणून डोळे मिटून बसलो. तिनं मला जेवायला वाढलं.

सोमवारी दवाखान्यात तिनं आधी मलाच पुढे ढकललं. बुबुळावर ओरखडा उठला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आला असतात तर थोडक्यात भागलं असतं. आता डाग राहील." मी बाहेर बाकावर अक्काशेजारी येऊन बसलो.

"तू नाही म्हणशील म्हणून लपवलं, अक्का."

"येडा हायस. परत आलं तर परत यायचं हितं, त्यात काय?" ती म्हणाली. "पर मला ह्ये कळलं न्हसतं आन् माझंबी असंच परत आलं असतं म्हंजे? मला वाटलं असतं, भावाचं ब्येस झालं, माझंच नशीब खोटं. कुनाला सांगितलं न्हसतं मी. चिमटा घिऊन गप बसले असते."

जो डोळा वाचवायला मी एवढी नाटकं केली, तो माझ्याच नाटकानं गेला असता. आतून तिचं नाव पुकारलं. अक्कानं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि भिंतीला हात लावत एकटीच आत गेली.